बॅकग्राउंडला काहीच चालत नाही

“रेप्लिकेशन ना? ते बॅकग्राउंडला चालतं हो. परफॉर्मन्सला काही होत नाही.”

डेटा सेंटरच्या धंद्यात हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की ते खरं आहे का, असं विचारणाराच उद्धट ठरतो. टेंडरच्या प्री-बिड मीटिंगमध्ये विक्रेत्याचा प्रीसेल्सवाला ते म्हणतो, सल्लागार कंपनी तेच आरएफपीत घालते आणि ग्राहकाचे आयटी प्रमुख ते संचालक मंडळापुढे स्वतःचं म्हणून सांगतात. मग स्लाइडवर डावीकडे मुंबई, उजवीकडे हैदराबाद आणि मधे एक जाड निळा बाण येतो. त्या बाणावर किलोमीटर नसतात, मिलिसेकंद नसतात, महिनाअखेरच्या रात्री किती डेटा बदलतो याचा आकडाही नसतो. बाण मात्र झकास असतो आणि मंजुरी त्यालाच मिळते.

पुढे कधीतरी कोअर बँकिंग रखडायला लागतं. शाखांतून फोन सुरू होतात. ॲप्लिकेशनवाले डेटाबेसकडे बोट दाखवतात, डीबीए सर्व्हरकडे, सर्व्हरवाले नेटवर्ककडे. रेप्लिकेशनकडे कुणाचंच बोट जात नाही. कसं जाईल? ते तर बॅकग्राउंडला चाललंय!

या समजावर अन्याय नको, म्हणून तो आधी पुरता मांडतो. आधुनिक स्टोरेज हुशार असतं. एका ठिकाणच्या व्हॉल्यूमवर जे लिहिलं जातं ते दुसऱ्या गावच्या स्टोरेजवर आपोआप पोचवणं हे त्याचं अंगभूत काम आहे. लायसन्स घ्या, दोन्हीकडचे पोर्ट जोडा, व्हॉल्यूम निवडा, ‘स्टार्ट’ दाबा. संथ वाटलं तर लिंक मोठी घ्या. डेटा जाऊ द्यायचा नसेल तर सगळंच सिंक्रोनस करा. पहिली कॉपी शनिवार-रविवारी उरकून घ्या. लिंक तुटली तर परत आल्यावर सगळं आपसूक जुळेल. आणि एवढं केलं की बॅकअपची चिंताही निम्मी मिटते. सायझिंग? ते विक्रेता फुकट करून देतो.

यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला सुखाचं आहे आणि यातलं एकही वाक्य प्रत्यक्षात टिकत नाही.

पहिल्यापासून सुरू करू. ‘बॅकग्राउंडला’ म्हणजे नेमकं कुठे? सिंक्रोनस पद्धतीत एका राइटचं काय होतं ते पाहा. शाखेतल्या कारकुनाने एक नोंद मंजूर केली. डेटाबेसने कमिटसाठी लॉग व्हॉल्यूमवर काही केबी लिहायला सांगितले. चांगलं ऑल-फ्लॅश स्टोरेज ते आपल्या कॅशमध्ये घेऊन अर्ध्या मिलिसेकंदात ‘लिहिलं’ असं कळवतं. रेप्लिकेशन सिंक्रोनस केलं की त्याला तसं कळवता येत नाही. ते राइट आधी दुसऱ्या गावी जातं, तिथल्या स्टोरेजच्या कॅशमध्ये पडतं, तिथून पोच येते आणि मगच इकडचं स्टोरेज डेटाबेसला उत्तर देतं. तोवर डेटाबेस थांबलेला असतो, त्याच्यामागे ॲप्लिकेशन थांबलेलं असतं आणि त्याच्याही मागे खिडकीवरचं गिऱ्हाईक. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक ताटकळतं ते काम बॅकग्राउंडला चालतं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता हिशेब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १०. ऐरोलीचं डेटा सेंटर आणि पुण्याचं डेटा सेंटर यांच्यातला केबलमार्ग १५० किलोमीटरचा धरला, तर एका फेरीला दीड मिलिसेकंद लागतो. यात स्विचचा वेळ नाही, दूरच्या स्टोरेजचा वेळ नाही. नुसता प्रकाशाचा प्रवास आहे. त्यातून फायबर चॅनलवर साध्या पद्धतीने राइट पाठवलं तर त्याला दोन फेऱ्या लागतात. आधी ‘लिहू का?’ असं विचारून होकार घ्यायचा, मग डेटा पाठवून पोच घ्यायची. राइट ॲक्सिलरेशनची सोय असेल आणि ती कुणी आठवणीने चालू केली असेल, तर एक फेरी वाचते. नसेल तर ३ मिलिसेकंद गेले. अर्ध्या मिलिसेकंदाचं काम साडेतीनवर आलं, सातपट. एकामागून एक राइट करणारी प्रक्रिया सेकंदाला २,००० नोंदी करत होती, ती आता २८६ वर येते. डेटाबेस अनेक कमिट एकत्र बांधून लिहितो, त्यामुळे दिवसाच्या गर्दीत फटका थोडा बोथट होतो, हे मान्य. पण रात्री खात्यांवर एकेक करून व्याज चढवणारी जुनी बॅच? तिला बांधाबांध कुणी शिकवलेली नसते. रात्री दोनला संपणारी ईओडी, म्हणजे दिवसअखेरची बॅच, सकाळी शाखा उघडताना चालू असते, ती यामुळेच.

“मग असिंक्रोनस करू, त्यात तर होस्टला थांबावं लागत नाही ना?” बरोबर, थांबावं लागत नाही. पण काम कुठे होतं? जर्नल ठेवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक राइट मूळ व्हॉल्यूमवर जातं आणि जर्नलमध्येही जातं. पाठवताना ते जर्नलमधून पुन्हा वाचलं जातं. स्नॅपशॉटच्या पद्धतीत दर काही मिनिटांनी स्नॅपशॉट घ्यायचा, आधीच्याशी ताडून बदललेले ब्लॉक शोधायचे, ते वाचायचे, पाठवायचे आणि जुना स्नॅपशॉट मोडीत काढायचा. हे सगळं करणारा कंट्रोलर तोच, सीपीयू तोच, कॅश तीच, मागच्या डिस्कही त्याच. स्टोरेजच्या आत रेप्लिकेशनसाठी वेगळं यंत्र ठेवलेलं नसतं. दोन कंट्रोलर प्रत्येकी ४५ टक्के भरलेले असताना तुम्ही वर १५ टक्क्यांचं रेप्लिकेशन चढवलंत, तर रोजचा कारभार बिनबोभाट चालेल. ज्या दिवशी एक कंट्रोलर बसेल त्या दिवशी दुसऱ्याने १२० टक्के काम करावं, अशी तुमची अपेक्षा असेल. ती तो पुरी करणार नाही.

दुसरं पालुपद: लिंक मोठी घ्या. बँडविड्थ आणि लेटन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात आणि पर्चेस कमिटीत सगळे विसरतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला आणखी दोन मार्गिका जोडल्या म्हणून पुणे लोणावळ्याला सरकत नाही. १ गिगाबिटची लिंक १० गिगाबिटची केलीत तरी वरचा दीड मिलिसेकंद दीडच राहतो. सिंक्रोनस रेप्लिकेशन जिथे लेटन्सीने मार खातं, तिथे बँडविड्थवर खर्चलेला पैसा पाण्यात जातो.

लांबच्या अंतरावर तर याहून गंमत होते. मुंबईहून चेन्नईला जाऊन येण्याचा वेळ २५ मिलिसेकंद धरू. टीसीपीची विंडो ६४ केबीवर अडकलेली असेल, तर पाठवणारा ६४ केबी पाठवून पोचेची वाट पाहत बसतो आणि सेकंदाला जेमतेम २.६ एमबी जातात, म्हणजे २१ मेगाबिट. लिंक १० गिगाबिटची, भाडं १० गिगाबिटचं आणि वाहतूक २१ मेगाबिटची! ती लिंक भरायची तर कुठल्याही क्षणी सुमारे ३१ एमबी डेटा वाटेत असायला हवा. त्यासाठी विंडो वाढवावी लागते, अनेक सेशन उघडावी लागतात, मधल्या फायरवॉलने त्यात खोडा घातलेला नाही हे तपासावं लागतं आणि पॅकेट गळत नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. यातलं काहीच लिंकच्या बिलावर छापलेलं नसतं.

आणि मोठी म्हणजे किती मोठी? इथे सरासरी नावाची चेटकीण येते. एका मध्यम बँकेत दिवसाला २ टीबी डेटा बदलतो असं समजा. चोवीस तासांवर पसरला तर १८५ मेगाबिट. कुणीतरी गोल करून २०० ची लिंक सुचवतं, वित्त विभाग खूष होतो. पण डेटा चोवीस तास सारखा बदलत नाही. महिनाअखेरच्या रात्री दोन तासांत ६०० जीबी बदलले, तर त्या दोन तासांची गरज ६६७ मेगाबिटची आहे. २०० च्या लिंकवरून तेवढ्या वेळात १८० जीबी गेले, ४२० जीबी मागे राहिले. बॅच संपते त्या क्षणी दूरची प्रत ८४ मिनिटं शिळी असते आणि त्यानंतर नवं एक अक्षरही लिहिलं गेलं नाही असं धरलं तरी साठलेला ढीग उपसायला पावणेपाच तास लागतात. धोरणात मात्र ‘आरपीओ १५ मिनिटं’, म्हणजे फार तर १५ मिनिटांचा डेटा जाईल, असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. हे धोरण महिन्यातले एकोणतीस दिवस खरं आहे. प्रश्न एवढाच, की आपत्तीने तिसावा दिवस निवडला तर तिला परत पाठवायची कोणती सोय तुम्ही केली आहे?

तिसरा हट्ट सगळ्यात लाडका: आमच्याकडे सगळंच क्रिटिकल आहे, सगळ्यालाच झिरो डेटा लॉस हवा. अहो, ज्यांच्याकडे खरोखर सगळं क्रिटिकल असतं त्यांच्याकडे तरी पाहा. सेबीने शेअर बाजारांना काय सांगितलं आहे? मुख्य डेटा सेंटरखेरीज जवळच एक ‘निअर साइट’ ठेवा, ती डेटा अजिबात जाऊ नये म्हणून. आपत्तीत धंदा उभा करायची डीआर साइट शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात आणि किमान ५०० किलोमीटर लांब ठेवा. तिच्यासाठी आरपीओ १५ मिनिटांचा. म्हणजे देशातला सगळा शेअर व्यवहार ज्या यंत्रणांवर चालतो, त्यांच्या नियामकानेही प्रकाशाचा वेग मान्य केला आहे. शून्य नुकसान हवं तर जवळ राहा, दूर जायचं तर काही मिनिटांची तयारी ठेवा. दोन्ही एकाच लिंकवर मागू नका. जे सेबीला कळतं ते एखाद्या कारखान्याच्या हजेरीपटाच्या सर्व्हरला लागू होत नाही, असं समजायचं का?

‘सगळंच’ या शब्दात काय काय घुसतं तेही उघडून पाहण्यासारखं आहे. डेटाबेसचं टेम्पररी टेबलस्पेस, सर्व्हरच्या स्वॅप फाइल, टेस्ट वातावरणाच्या क्लोन, बॅकअपने तात्पुरता टाकलेला डंप. आपत्ती आली तर दुसऱ्या गावी यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नाही. सर्व्हर चालू होताना त्या नव्याने तयार होतात. पण व्हॉल्यूम आखताना त्या डेटाच्याच व्हॉल्यूमवर टाकल्या, म्हणून त्यांची प्रत्येक खरड इमानेइतबारे ५०० किलोमीटर प्रवास करते. रविवारी डीबीएने इंडेक्स रीबिल्ड लावला की तोही जातो. आधी हे व्हॉल्यूम वेगळे करा, मग लिंकच्या आकाराबद्दल बोला. हे काम फुकट आहे, म्हणूनच बहुधा ते कुणी सुचवत नाही.

वेगळं करताना एक पथ्य मात्र आहे. डेटाबेसचे डेटा व्हॉल्यूम आणि लॉग व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये असायला हवेत, म्हणजे पलीकडे दोन्ही एकाच क्षणाचे पोचतात. डेटा दहा वाजताचा आणि लॉग दहा वाजून चार मिनिटांचा अशी प्रत म्हणजे निव्वळ भंगार. पण हे ऐकून काही जण उत्साहाने आख्ख्या कंपनीचे व्हॉल्यूम एकाच ग्रुपात कोंबतात. मग दर चक्राला सगळ्यांना एका क्षणी आवरून धरायचं काम स्टोरेजच्या गळ्यात पडतं आणि एका व्हॉल्यूमचं दुखणं सगळ्यांना भोवतं. ज्यांना एकत्र उभं राहायचं आहे तेवढेच एकत्र ठेवा.

चौथी थाप, पहिल्या कॉपीची. “शनिवारी रात्री सुरू करू, सोमवारी सकाळी झालेलं असेल.” ४० टीबी डेटा १ गिगाबिटच्या लिंकवरून, एकही बिट वाया न जाता, पाठवायला ३ दिवस १७ तास लागतात. प्रत्यक्षात लिंक इतकी कधीच भरत नाही, म्हणजे पाच दिवस धरा. सोमवारी सकाळी दहाला शाखा उघडतात तेव्हा स्टोरेज आपले सगळे व्हॉल्यूम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत असतं आणि त्याच डिस्कवरून गिऱ्हाइकांना पासबुकं छापून हवी असतात. मग कुणीतरी घाबरून कॉपीचा वेग इतका आवळतो की ती महिनाभर संपत नाही. पर्याय नाहीत का? आहेत. दोन्ही स्टोरेज एकाच हॉलमध्ये शेजारी ठेवून पहिली कॉपी करायची आणि मग दुसरं डीआरच्या गावी न्यायचं. किंवा थोडे थोडे व्हॉल्यूम घ्यायचे, दिवसा वेग कमी, रात्री जास्त. हे सगळे करतात, पण बहुधा एकदा सोमवार बोंबलल्यावर.

याच थापेची धाकटी बहीण म्हणजे डीआरला पाठवलेलं जुनं स्टोरेज. मुंबईला नवं ऑल-फ्लॅश आलं, जुनं फिरत्या डिस्कचं अजून वॉरंटीत आहे, टाका डीआरला! काटकसर म्हणून ठीक. पण सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये दोघांपैकी जो हळू त्याचा वेग दोघांचा वेग होतो. म्हणजे नव्या स्टोरेजचे कोट्यवधी रुपये मोजून तुम्ही जुन्याचाच वेग पुन्हा विकत घेतलात. असिंक्रोनसमध्ये दूरच्याला घास गिळेना की जवळच्याचं जर्नल फुगत जातं. शिवाय खरी आपत्ती आलीच, तर त्या म्हाताऱ्यावरच सगळा धंदा चालवायचा आहे, हा विचार कुणी केलेला असतो?

पाचवी गोष्ट: लिंक तुटली तर आपोआप जुळेल. यावर युक्तिवाद नको, दाखलेच देतो.

२१ एप्रिल २०११. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या एका झोनमध्ये नेटवर्कची क्षमता वाढवण्याचं नेहमीचं काम चाललं होतं. त्यात रहदारी चुकून कमी क्षमतेच्या दुसऱ्या नेटवर्कवर वळवली गेली. ईबीएस ही त्यांची व्हॉल्यूम पुरवणारी सेवा. तिच्या अनेक नोडचा आपापल्या प्रतींशी संबंध तुटला. चूक लक्षात आली, नेटवर्क पूर्ववत केलं गेलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संबंध परत येताच प्रत हरवलेले सगळे व्हॉल्यूम एकाच वेळी नवी प्रत ठेवायला मोकळी जागा शोधू लागले. जागा बघता बघता संपली. ज्यांना मिळाली नाही ते पुन्हा पुन्हा शोधत राहिले आणि त्या शोधाशोधीनेच यंत्रणा गुदमरली. त्या झोनमधले सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले, बाहेरून जादा साठवण आणून जोडावी लागली, सावरायला दिवस लागले आणि ०.०७ टक्के व्हॉल्यूमचा डेटा शेवटपर्यंत नीट परत आला नाही. व्हॉल्यूम पाडले कुणी? मूळ बिघाडाने सुरुवात केली, पण घाव घातला तो दुरुस्त होण्याच्या घाईने. प्रत वाचवायला ठेवलेली यंत्रणाच मुळावर आली.

आता घरचा दाखला. २४ फेब्रुवारी २०२१. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. बाजार त्या दिवशी पाचपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने नंतर जे स्पष्टीकरण दिलं ते स्टोरेजवाल्या प्रत्येकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं आहे. मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, निअर साइट कुर्ल्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दोघांमध्ये दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लिंक. वाटेतल्या खोदकामाने आणि बांधकामाने दोन्ही कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या आणि मुख्य ठिकाणचं स्टोरेज नेटवर्क अनपेक्षित वागून सर्व्हरना दिसेनासं झालं. क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा त्यामुळे बंद पडली. खुद्द ट्रेडिंगची यंत्रणा ठीक होती, पण जोखीम मोजल्याशिवाय सौदे कसे होऊ द्यायचे?

म्हणजे बघा. अंतर जेमतेम, पैसा मुबलक, लिंक दुहेरी, कंपन्या वेगळ्या. आणि तरी दूरच्या प्रतीकडे जाणाऱ्या तारेच्या दुखण्याने जवळचं स्टोरेज आडवं झालं. ‘बॅकग्राउंडला चालतं’ म्हणणाऱ्यांनी त्या दुपारचं काय करायचं ते सांगावं.

या दाखल्यांतून निघणारे प्रश्न अगदी साधे आहेत आणि ते आधी विचारायचे असतात. लिंक गेली तर मुख्य स्टोरेजने राइट थांबवायची की प्रतीशिवाय पुढे जायचं? दोन्हींची सोय असते, पण निवड धंद्याने करायची असते. ती फॅक्टरी सेटिंगवर सोडायची नसते. किती सेकंद वाट पाहून लिंक मेली असं मानायचं? कारण मेलेल्या लिंकपेक्षा धड ना जिवंत, धड ना मेलेली लिंक जास्त छळते: प्रत्येक राइट टाइमआउटपर्यंत लोंबकळतं, मग लिंक क्षणभर परत येते, मग पुन्हा जाते. लिंक कितीदा फडफडली की रेप्लिकेशन स्वतःहून थांबवायचं आणि माणसाने पाहिल्याशिवाय सुरू करायचं नाही? आणि परत आल्यावर साठलेला ढीग कोणत्या वेगाने सोडायचा, की ईबीएससारखं चेंगराचेंगरीने मरायला नको?

यात एक खाच अशी आहे की ती कळेपर्यंत पुष्कळांचे केस पांढरे होतात. लिंक बराच वेळ गेली, जर्नल भरलं की स्टोरेज क्रम सोडून देतं आणि फक्त कोणते ब्लॉक बदलले एवढी नोंद ठेवतं. लिंक आल्यावर ते ब्लॉक जसे सापडतील तसे जातात, लिहिल्या गेलेल्या क्रमाने नाही. ते पुरे होईपर्यंत दूरची प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी, म्हणजे निरुपयोगी असते. नेमक्या त्या वेळी मुख्य ठिकाण गेलं तर? तुमच्याकडे दोन प्रती होत्या, आता एकही नाही. उपाय एका ओळीचा आहे: रिसिंक सुरू करण्याआधी दूरच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्या. त्यासाठी तिकडे जागा राखून ठेवा. जागा किती? हे ठरवणं म्हणजेच प्लॅनिंग. पण ते करायचं कशाला, नाही का? आपोआप जुळतंच की!

सहावं: रेप्लिकेशन आहे, मग बॅकअप कशाला? फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने काही ग्राहकांच्या टपालपेट्या रिकाम्या झाल्या. जीमेलचा डेटा अनेक ठिकाणी ठेवलेला असतो, पण दोषाचा फटका अनेक प्रतींना एकदमच बसला. टपाल परत आलं ते टेपवरून. गूगलसारख्या कंपनीला टेप काढावी लागली आणि आपल्याकडे रेप्लिकेशन बसवलं की टेप लायब्ररीचा एएमसी आधी बंद होतो! रेप्लिकेशन हा आज्ञाधारक नोकर आहे. तुम्ही चुकून टेबल उडवलंत तर ते दुसऱ्या गावीही उडवतं. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर तीही कुलपं चोख पोचवतं. सिंक्रोनस असेल तर मिलिसेकंदांत. तुमची लिंक जितकी चांगली तितकी तुमची चूक लवकर पोचेल. जुन्या वेळेला परत जाता येणं आणि दुसऱ्या ठिकाणी उभं राहता येणं या दोन वेगळ्या गरजा आहेत; एकीच्या पैशात दुसरी मिळत नाही.

राहता राहिलं फुकटचं सायझिंग. विक्रेता ते करतो, पण कशावरून? तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून. तुम्ही काय देता? मॉनिटरिंगच्या आलेखातून पंधरा मिनिटांची सरासरी. चाळीस सेकंदांची जी उसळी सगळ्या शाखांना गोठवते, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीत टेकडीएवढीही दिसत नाही. मोजायचं तर मिनिटाच्या किंवा त्याहून बारीक अंतराने मोजा आणि महिनाअखेर, तिमाहीअखेर यांच्यासकट पूर्ण महिना मोजा. नुसती सरासरी लेटन्सी पाहू नका, शंभरातलं सगळ्यात हळू राइट किती हळू आहे ते पाहा. राइटचा आकार पाहा: स्टोरेज बदलांची नोंद ६४ केबीच्या तुकड्यांत ठेवत असेल आणि तुमचा डेटाबेस ८ केबीची विखुरलेली राइट करत असेल, तर ८ बदलण्यापायी ६४ पाठवले जातील. तुमचा १८५ मेगाबिटचा हिशेब इथेच आठपट होऊ शकतो. उलट तोच ब्लॉक एका चक्रात दहादा बदलला, तर स्नॅपशॉटच्या पद्धतीत तो एकदाच जातो आणि लिंक वाचते. कोणतं तुमच्याकडे घडतं? विक्रेत्याला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. तरी स्लाइडवर ‘तीनास एक कॉम्प्रेशन’ धरलेलं असतं. डेटा आधीच सर्व्हरवर एन्क्रिप्ट केलेला असेल तर तो दाबला जात नाही, एवढं साधं ध्यानात घ्यायलाही कुणी थांबत नाही.

“अहो, पण इतकं मोजायला वेळ कुणाकडे आहे? ऑडिट पुढच्या महिन्यात आहे.” हा शेवटचा बचाव आणि सगळ्यात प्रामाणिक. ऑडिटसाठी डीआर हवा, डीआरसाठी डीआर नको. म्हणून ड्रिलही रविवारी होतं, गिऱ्हाईक नसताना, ठरलेल्या चार ॲप्लिकेशनवर. तिकडे गेल्याचा फोटो निघतो. पण दिवसभराचा खरा धंदा तिकडे चालवून, उलट दिशेने रेप्लिकेशन सुरू करून, डेटा परत आणून दाखवलेला असतो का? जाणं ही अर्धी गोष्ट आहे. परत येताना तोच डेटा, तीच लिंक आणि दिशा उलटी. आणि त्या वेळी संथ होणारं स्टोरेज डीआरचं असतं, ज्याच्यावर तुमचा सगळा धंदा उभा असतो.

वेळ नाही म्हणता, तर रेप्लिकेशनमुळे रेंगाळलेल्या ईओडीच्या मागे जागलेल्या रात्री कुठून येतात? मोजायला लागणारा महिना आधी द्या किंवा नंतर हप्त्याहप्त्याने फेडा. तिसरा मार्ग नाही.

म्हणून अंगभूत, आपोआप, बॅकग्राउंड हे शब्द मीटिंगमधून हद्दपार करा. मुख्य स्टोरेज हे गिऱ्हाइकाचं काम करण्यासाठी घेतलेलं असतं. प्रत काढणं हे त्याच्यावर लादलेलं जादा काम आहे. ते त्याच कंट्रोलरवर, त्याच कॅशमधून, त्याच डिस्कवरून होतं आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. ती किती, कधी आणि कुणी मोजायची हे आधी ठरवा. सगळ्यात गर्दीच्या तासात किती डेटा बदलतो? दोन ठिकाणांमध्ये जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात? कोणत्या व्हॉल्यूमची किती मिनिटं गमावणं धंद्याला परवडतं? एक कंट्रोलर पडल्यावर दुसऱ्यात किती ताकद उरते? लिंक गेली आणि परत आली तर कोण काय करतं? पाच प्रश्न, पाच लेखी उत्तरं. ज्या प्रस्तावात ती नाहीत त्यावर सही करणारा अधिकारी डेटा वाचवत नसतो; तो आजच्या धंद्याचा वेग गहाण टाकून उद्याची खोटी हमी विकत घेत असतो. हमी खोटी ठरते तेव्हा वेग गेलेला असतो, डेटाही गेलेला असतो, आणि तेव्हा ‘बॅकग्राउंडला चालतं’ म्हणणाऱ्यांपैकी एकाचाही फोन लागत नाही.